सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही: पेट्रोल पंप खरोखरच गेला आहे का?

खानापूरकर

नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरही अर्धवट मिळते, म्हणून सगळे क्रमाने लिहितो.

आमच्याकडे वडिलांनी २००६ साली घेतलेली सँट्रो झिंग आहे. गाडी केए २२ पासिंगची असून सुमारे १,१८,००० किलोमीटर चाललेली आहे, आणि २०११ साली तिला एलपीजी किट बसवले. वडील रोज खानापूर ते बेळगाव जाऊन-येऊन करत असत, तेव्हा गॅस परवडत असे आणि पेट्रोल फक्त सकाळी गाडी चालू करण्यापुरते टाकीत ठेवले जाई. आता ते निवृत्त झाले आहेत, मी नोकरीमुळे आठवड्यातून एकदाच गावी येतो, आणि गाडी बहुतेक वेळ पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. यंदा आषाढात पावसाने अशी झड धरली की गाडी सलग तीन आठवडे जागची हलली नाही.

त्यानंतर किल्ली फिरवली तर सेल्फ उत्तम फिरतो, बॅटरीही मागच्या दिवाळीतली आहे, पण इंजिन काही केल्या पकडत नाही. गावातल्या एका मेस्त्रींनी एअर फिल्टरची पेटी उघडून आत थोडे पेट्रोल ओतले, तेव्हा इंजिन दोन सेकंद धडधडले आणि पुन्हा बंद पडले. त्यावरून त्यांनी सांगितले की पंप गेला आहे, टाकीतले अख्खे युनिट बदलावे लागेल. अडचण अशी आहे की दोनच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये हाच पंप बदलून घेतला होता आणि तेव्हाची तक्रारही जवळपास हीच होती. तो पंप बसवल्यावर गाडी वर्षभर बरी चालली, मग पावसाळ्यात सकाळी कुरकुर करू लागली, आणि आता पूर्ण बंद आहे.

पैसे खर्च करायला माझी ना नाही. पण दर दोन वर्षांनी पंप बदलायचा असेल तर वडिलांना ही गाडी विकून टाकू या असे सांगावे लागेल, आणि ते माझ्याच्याने होणार नाही. नवा पंप आणण्यापूर्वी जुना खरोखर नादुरुस्त आहे की नाही हे घरच्या घरी कसे ठरवावे? माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि तो बेताचा वापरता येतो.

उद्यमबाग वायरिंग

दोन वर्षांत दुसऱ्यांदा पंप गेला असे कोणी सांगितले, तर पंपाच्या आधी त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वायरीवर संशय घ्यावा. गेली तीस वर्षे मी गाड्यांच्या वायरिंगचेच काम करतो आहे, आणि माझ्याकडे पंपाची तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा पंप शेवटी ठणठणीत निघाला आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे थ्रॉटलमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, बाटलीने पेट्रोल ओतणे ताबडतोब थांबवा. इंजिनाने उलटा भडका मारला तर ज्वाला थेट हातावर आणि बाटलीवर येते, आणि अशाने भाजलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या प्रयोगातून जे कळायचे ते कळलेच आहे: इंजिन दोन सेकंद पेटले याचा अर्थ स्पार्क आहे, कॉम्प्रेशन आहे, फक्त इंधन पोहोचत नाही. हीच खात्री प्लग काढूनही करता येते. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर प्लग कोरडा खडखडीत निघाला तर पेट्रोल येत नाही, आणि ओला निघून पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल येते आहे पण पेटत नाही. तुमच्या गाडीला गॅस किट आहे, त्यामुळे याहूनही सोपी परीक्षा तुमच्या हातात आहे. सिलिंडरमध्ये थोडा गॅस शिल्लक असेल तर स्विच गॅसवर ठेवून गाडी चालू करून पाहा. गॅसवर नीट चालली तर प्लग, कॉइल, क्रँक सेन्सर, ईसीएम (इंजिनाचा संगणक) या सगळ्यांवरचा संशय बहुतेक फिटला आणि शोध पेट्रोलच्या बाजूपुरता उरला.

आता पंप चालतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पुढचे तपासणे सोपे जाईल. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. किल्ली ऑन केली की ईसीएम रिलेमार्फत (विजेने उघड-बंद होणाऱ्या स्विचमार्फत) त्याला दोन-तीन सेकंद करंट देतो, तेवढ्यात पाइपमध्ये दाब भरतो आणि पंप थांबतो. नंतर सेल्फ फिरू लागला आणि इंजिन फिरते आहे असा सिग्नल क्रँक सेन्सरकडून आला, की मग पंप सलग चालू राहतो. म्हणून शांत जागी, काचा बंद करून, मागच्या सीटवर एका माणसाला बसवा आणि तुम्ही किल्ली ऑन करा. सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. त्याच वेळी डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लागतो का तेही पाहा, कारण तो लागलाच नाही तर ईसीएमलाच करंट मिळत नाही आणि मग पंपाला दोष देण्यात अर्थ नाही.

गुणगुण आली नाही तर आधी फ्यूज आणि मग रिले पाहावा. रिले खराब आहे का हे ठरवण्यासाठी त्याच पेटीतला, त्याच आकड्यांचा दुसरा रिले अदलाबदल करून लावता येतो. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नये, त्याच्या दोन्ही टोकांना मीटर लावून पाहावा, कारण पावसाळी हवेत त्याचे पायच हिरवे पडलेले असतात.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी चुकते. मेस्त्री पंपाचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढतो, त्यात मीटर घालतो, मीटर १२ व्होल्ट दाखवतो, आणि तो म्हणतो की करंट येतो आहे, म्हणजे पंपच गेला. ही तपासणी फसवी आहे. कपलर काढलेला असताना वायरीतून करंट वाहतच नाही, आणि करंट वाहत नसेल तर गंजलेला, एका तारेवर तग धरून राहिलेला सांधाही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. नळ बंद असताना अर्धवट तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण असतो, पण नळ उघडला की धार करंगळीएवढी येते, तसेच हे आहे. पंप चालताना साधारण चार-पाच अँपिअर खेचतो, त्यामुळे व्होल्टेज मोजायचे ते कपलर जोडलेला ठेवून, पंपावर भार असतानाच.

त्यासाठी मागची सीट उचला. सँट्रोत तिच्याखाली पत्र्याचे झाकण असते आणि पंपाचा कपलर तिथेच मिळतो. टाकीचे तोंड मात्र या कामासाठी अजिबात उघडू नका. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टाचण्या सारून त्यांना मीटरची टोके लावा. किल्लीवर पंप दोनच सेकंद चालतो आणि तेवढ्यात मीटर वाचता येत नाही, म्हणून पंपाचा रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ या आकड्यांच्या जागा मधे १५ अँपिअरचा फ्यूज असलेल्या वायरच्या तुकड्याने जोडा, म्हणजे पंप सलग चालेल. ३० आणि ८७ हे आकडे बहुतेक रिलेंच्या पोटावर छापलेले असतात. तुमच्या रिलेवर ते नसतील तर अंदाजाने काहीही जोडू नका, इथे त्याचा फोटो टाका.

मग चार आकडे लिहून घ्या. पंप चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांमधले व्होल्टेज. पंपाच्या दोन टोकांमधले. बॅटरीचा प्लस ते पंपाचा प्लस. आणि पंपाचा मायनस ते बॅटरीचा मायनस. शेवटच्या दोन आकड्यांतून कळते की व्होल्टेज वाटेत कुठे गळते आहे. अर्थच्या म्हणजे मायनसच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या आसपास आणि प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आसपास गळती चालते. त्याहून बरीच जास्त असेल तर पंप उपाशी आहे.

पंप अजिबात चालत नसेल तर त्याच्या जागी भार म्हणून ५५ वॅटचा जुना हेडलाइटचा बल्ब लांब वायरीने जोडा आणि बल्ब गाडीच्या बाहेर ठेवा. तोही साधारण तेवढाच करंट खेचतो. बल्ब लखलखीत पेटला तर वायरिंग ठीक आहे आणि पंप दोषी. लालसर मिणमिणला तर पंपाला अजून हात लावू नका.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चारही दारे उघडी, आणि हाताशी आग विझवण्याचा सिलिंडर असू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता गाडीच्या तळाशी साचते. वास येत असेल तर आधी गाडी बाहेर उघड्यावर ढकला आणि वास गेल्यावरच कामाला लागा.

निपाणीकर

वायरिंगचे काकांनी सांगितले आहेच. मी मेस्त्री नाही, शाळेत विज्ञान शिकवते, पण आमच्या २००४ च्या वॅगन आरलाही गॅस किट होते आणि तिचे दोन पंप आम्ही स्वतःच्या चुकीने जाळले, म्हणून टाकीच्या बाजूबद्दल लिहिते.

टाकीतला पंप स्वतःला थंड ठेवण्यासाठी भोवतीच्या पेट्रोलवरच अवलंबून असतो. गॅसवर चालणाऱ्या गाडीत आपण पेट्रोलचा काटा महिनोन्महिने लाल रेषेवर ठेवतो, म्हणजे पंप अर्धा उघडा पडतो, आणि गॅसवर असताना तो चालूच राहत असेल तर तापून त्याचे ब्रश झिजतात. तुमच्या वडिलांचा तो नियम बचतीच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, पण आमच्या घरी तोच नियम पंपाच्या मुळावर आला. पंप अशा शेवटच्या अवस्थेत आहे का हे ओळखण्याची एक जुनी रीत आहे. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने टाकीला खालून लाकडी ठोकळ्याने हलके थापटायचे. तेवढ्याने गाडी चालू झाली तर ब्रश संपत आले आहेत, आणि तो पंप पुढच्या वेळी कुठे दगा देईल ते सांगता येत नाही.

दुसरी शंका तीन आठवडे उभ्या राहिलेल्या पेट्रोलबद्दल आहे. आता पेट्रोल भरायच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपला बेळगाव जिल्हा उसाचा, आणि कारखान्यांचे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते याचे मला ऊसवाल्या घरातली मुलगी म्हणून समाधानच आहे, पण जुन्या गाडीच्या मालकाने त्याचा स्वभाव ओळखून वागायला हवे. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकी जवळजवळ रिकामी असली की उरलेली जागा हवेने भरलेली असते, खानापूर तालुक्यातल्या पावसाळी हवेत बाष्प किती असते ते मी सांगायला नको, आणि ते बाष्प गार रात्री टाकीच्या आतल्या भिंतींवर पाणी होऊन उतरते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि पंपाची जाळी तर अगदी तळाशीच असते. मग पंप कितीही चांगला असला तरी इंजिनाला तो पाणीच पाजत राहतो.

हे तपासायला फार काही लागत नाही. टाकीच्या तळातले अर्धा लिटर पेट्रोल कोणा जाणत्याकडून स्वच्छ काचेच्या बरणीत काढून घ्या आणि झाकण लावून तासभर हलवू नका. तळाशी वेगळा, किंचित गढूळ थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल भरा.

खानापूरकर

काका आणि ताई, दोघांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी पाऊस उघडल्यावर सगळे करून पाहिले. आकडे देतो.

गाडी गॅसवर पहिल्या सेल्फला चालू झाली आणि दहा मिनिटे उत्तम चालली. चेक इंजिनचा दिवा लागतो. किल्ली ऑन केल्यावर मागून आवाज येतो, पण तो गुणगुण म्हणण्याइतका मोकळा नाही, दमलेला आणि घोगरा वाटतो. फ्यूज आणि रिले ठीक आहेत, आणि रिलेवर ३० व ८७ हे आकडे स्पष्ट आहेत.

कपलर काढून मोजले तेव्हा १२.४ व्होल्ट मिळाले, म्हणजे काका म्हणाले तसेच मीही फसलो असतो. कपलर जोडून पंप चालवल्यावर बॅटरीवर १२.४, पंपाच्या दोन टोकांमध्ये फक्त ८.१, प्लसच्या वाटेत ४.१ आणि अर्थच्या वाटेत ०.२ व्होल्ट. बेरीज बरोबर १२.४ होते, म्हणून मोजण्यात माझी चूक झालेली नसावी असे वाटते. ४.१ व्होल्ट नेमके कुठे जात आहेत हे कसे शोधायचे?

उद्यमबाग वायरिंग

मोजणी चोख आहे. ८ व्होल्टवर पंप फिरतो, आवाजही करतो, पण इंजेक्टरला लागणारा दाब देऊ शकत नाही. त्यात सेल्फ फिरताना बॅटरीच १० व्होल्टच्या आसपास उतरते, तेव्हा पंपाच्या वाट्याला सहा-सात व्होल्ट येत असणार. दोन वर्षांपूर्वी नवा पंप बसवल्यावर गाडी चालली याचेही उत्तर यात आहे: नवा पंप कमी व्होल्टेजवरही काही काळ काम ओढून नेतो, आणि पंप बदलताना वायर हलली की गंजलेला सांधाही थोडे दिवस बरा होतो. मूळ दुखणे मात्र तसेच राहते.

आता मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसवरच ठेवा, पंप चालू ठेवा, आणि दुसरे टोक वाटेतल्या एकेका ठिकाणी लावत मागे जा: आधी रिलेच्या ८७ वर, मग वायर केबिनमध्ये शिरते तिथल्या कपलरवर, मग सीटखाली. ज्या दोन ठिकाणांच्या मधे आकडा एकदम उडी मारेल तिथे दोष आहे.

आणि एक सांगतो. गॅस किट बसवणारे काही जण, गॅसवर असताना पंप बंद राहावा या चांगल्या हेतूने, पंपाची वायर मधेच कापून तिथे स्वतःचा एक रिले घालतात. हेतू चांगला, पण सांधा नुसता पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेला असतो, आणि चौदा-पंधरा पावसाळे तो काय टिकणार? डाव्या बाजूला पायाजवळचे प्लास्टिकचे आच्छादन काढून तिथे पाहा.

चंदगडकर

मूळ प्रश्नाला धरूनच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझी मारुती ८०० ही १९९७ ची कार्ब्युरेटरची गाडी आहे. एप्रिल-मे महिन्यात बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना ती दुपारी घाटात बंद पडते, अर्धा तास उभी केली की चालू होते. तिच्यात टाकीतला पंप नाही असे मेस्त्री म्हणतात. मग ही तपासणी तिला कशी लावायची?

उद्यमबाग वायरिंग

लावायचीच नाही. तुमच्या गाडीत विजेचा पंप नसून इंजिनावर बसवलेला, कॅमशाफ्टच्या ढकलण्याने चालणारा पडद्याचा पंप आहे. घाट चढताना इंजिन तापते, पंप आणि पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफेला पंप ढकलू शकत नाही. पूर्वी प्रीमियर पद्मिनीवाले पंपावर ओले फडके ठेवून घाट चढत ते याचसाठी, आणि तो उपाय आजही चालतो. फक्त पाणी डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना करंट वाटून देणाऱ्या भागावर) आणि प्लगच्या वायरींवर उडू देऊ नका. पेट्रोलचा पाइप गरम भागाला टेकला आहे का तेही पाहा.

मात्र ऑइलची काडी एकदा बाहेर काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते आहे. त्या स्थितीत गाडी घाटात काय, गावातही चालवू नये. पडदा धड असेल तर कॉइलची वायर काढून, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी बाटलीत धरून सेल्फ मारला की पेट्रोलच्या ठोके दिल्यासारख्या ठसठशीत चिळकांड्या आल्या पाहिजेत.

खानापूरकर

काका, तुम्ही गाडी न पाहता दोष सांगितलात.

डाव्या पायाजवळचे प्लास्टिक काढल्यावर आत गॅस किटवाल्यांचा रिले वायरींच्या जुडग्याला टेपने बांधलेला सापडला. रिलेच्या ८७ पर्यंत गळती ०.३ व्होल्ट होती, या दुसऱ्या रिलेच्या पलीकडे ती एकदम ३.९ झाली, आणि सीटखाली पोहोचेपर्यंत ४.१. म्हणजे ३.६ व्होल्ट या एका ठिकाणी जात होते. टेप सोडवली तर आतली तार तांब्याची राहिलीच नव्हती, हिरव्या भुकटीत चार-पाच धागे तेवढे शिल्लक होते, आणि टेपचा आतला भाग ओला होता. समोरच्या काचेच्या रबराखालून पाणी झिरपून वायरींवरूनच खाली येत असावे, कारण तिथला गालिचाही ओलसर आहे.

तो रिले काढून टाकला, खराब झालेली वायर कापून त्याच जाडीचा नवा तुकडा डाग देऊन जोडला आणि वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली. आता पंप चालताना त्याच्या टोकांवर ११.८ व्होल्ट मिळतात, आणि आवाज इतका बदलला की वडील ओट्यावरून उठून बघायला आले.

ताईंची बरणीही केली. ओळखीच्या मेस्त्रींनी टाकी उतरवून पेट्रोल काढून दिले. तासाभराने तळाशी बोटभर जाडीचा पांढुरका थर स्पष्ट दिसत होता. टाकी धुऊन, वाळवून, फिल्टर बदलून दहा लिटर ताजे पेट्रोल भरले आहे.

तरीही एक कसर राहिली आहे. दिवसा गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, पण रात्रभर उभी राहिली की सकाळी किल्ली दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करावी लागते, मगच पकडते. मेस्त्रींनी पेट्रोलच्या पाइपला टी आकाराचा जोड देऊन दाबाचा मीटर लावला होता. चालू असताना दाब ३ बारच्या जरा वर, स्थिर. बंद केल्यावर पाच मिनिटांत शून्य. हे बरोबर आहे का?

उद्यमबाग वायरिंग

चालू असतानाचा दाब एमपीएफआय गाड्यांच्या नेहमीच्या मर्यादेत आहे, त्यामुळे पंप बदलण्याची घाई करू नका. बंद केल्यावर दाब पाच मिनिटांत शून्य होणे मात्र बरोबर नाही. तो हळूहळू उतरला तर हरकत नाही, पण बराच वेळ काही ना काही शिल्लक राहायला हवा. किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावर गाडी पकडते ती यामुळेच, कारण दर वेळी पंप दोन-तीन सेकंद चालून रिकामा पाइप थोडा थोडा भरतो.

दाब कुठून उतरतो हे शोधायला मेस्त्रींना पुन्हा मीटर लावायला सांगा. इंजिन बंद करताक्षणी, टाकीकडून येणाऱ्या पाइपचा जो रबरी भाग दाबाच्या मीटरच्या अलीकडे म्हणजे टाकीच्या बाजूला आहे, तो बोथट चिमट्याने दाबून बंद करायचा. पक्कड थेट लावू नये, नळीला चीर पडते. मधे फडके घ्यावे. चिमटा लावल्यावर दाब टिकला तर गळती टाकीच्या आत आहे: पंपातला उलटा जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, किंवा पंप आणि झाकण यांना जोडणारी आखूड नळी. चिमटा लावूनही दाब उतरला तर इंजेक्टर ठिबकत असेल, आणि मग सकाळी चालू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास येईल.

माझा कल त्या आखूड नळीकडे आहे. दोन वर्षांपूर्वी पंप बदलताना तिथे बाहेर वापरायची साधी रबरी नळी घातली असेल, तर ती बाहेरून पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेली नसते. ती फुगते, मऊ पडते आणि चिरते. टाकीत बुडवून वापरण्यासाठीची नळी वेगळी मिळते, ती दुकानात तशीच सांगून मागावी लागते.

निपाणीकर

काकांच्या नळीच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडते. आमच्या दुसऱ्या पंपाच्या वेळी ती नळी बोटाने दाबली तर काळा रंग हाताला लागत होता, आणि तोच काळा गाळ नंतर फिल्टरमध्ये सापडला. म्हणून नळी खराब निघाली तर नव्याने बसवलेला फिल्टरही पुन्हा एकदा काढून पाहा.

खानापूरकर

चिमटा लावल्यावर दाब टिकला, म्हणून मेस्त्रींनी पंपाचे युनिट बाहेर काढले. आखूड नळीला क्लिपच्या अगदी कडेला नखाएवढी चीर होती, आणि ताईंनी लिहिल्याप्रमाणे बोट काळे झाले. टाकीतली नळी खानापुरात मिळाली नाही, बेळगावहून मागवून घेतली. फिल्टरही उघडून पाहिला, तो स्वच्छ होता. पंप दोन वर्षांपूर्वीचाच ठेवला आहे. चार दिवस झाले, सकाळी साडेसहाला पहिल्या सेल्फला गाडी पकडते आहे, आणि काचेच्या रबराचे काम पुढच्या शनिवारी ठरले आहे.

शेवटचे एकच विचारतो. किटवाल्यांचा रिले मी काढून टाकला, म्हणजे आता गॅसवर असतानाही पंप चालूच राहतो. हे असेच ठेवू का, की नवा रिले नीट बसवून घेऊ?

उद्यमबाग वायरिंग

गाडी आठवड्यातून एकदाच चालणार असेल तर रिले नको. वायरीत एक सांधा कमी राहिलेला बरा. फक्त टाकी पावपेक्षा खाली जाऊ देऊ नका, आणि दर खेपेला निदान पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे टाकीतले पेट्रोलही बदलत राहील. पुढे रोजचे गॅसवर फिरणे सुरू झाले तर रिले घ्या, पण तो केबिनमध्ये उंच, कोरड्या जागी बसवा, सांधे डाग देऊनच करा, आणि काम झाल्यावर पंपावरचे व्होल्टेज पुन्हा भारावर मोजा. आज मिळालेला ११.८ चा आकडा गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या मेस्त्रीने पंप गेला म्हटले तर आधी तो आकडा त्याच्याकडून पुन्हा मोजून घ्या.